बावट्याची मासळी

रत्नागिरी जिल्ह्यात खाडीच्या तोंडाशी वसलेलं एक मच्छीमार बंदर आहे. गोष्टीपुरतं त्याला नुसतं बंदरच म्हणू. तिथं एक नियम कडक पाळला जातो. धोक्याचा बावटा लागल्यावर धरलेली मासळी तिथं कोणी विकत घेत नाही. सुरमई असो, पापलेट असो, लिलावाच्या ओट्यावर तिला बोली लागत नाही. हा नियम सरकारने केलेला नाही आणि बोटी चालवणाऱ्या तांडेलांनीही केलेला नाही. तो मासळी विकणाऱ्या बायकांनी केला, आणि तो करण्यापूर्वी त्यांच्यातल्या एकीला फार मोठी किंमत मोजावी लागली.

आधी बावट्याबद्दल थोडं सांगायला हवं. वादळाची चाहूल लागली की हवामान खातं बंदरांना कळवतं आणि बंदरावरच्या उंच काठीवर खूण चढते. दिवसा शंकूच्या आणि नळकांड्याच्या आकाराच्या खुणा, रात्री तांबडे-पांढरे दिवे. किनाऱ्यावरची माणसं या सगळ्याला सरसकट बावटाच म्हणतात. एकूण खुणा अकरा. एक आणि दोन नंबर दूरच्या समुद्रातल्या बिघाडाचे. तीन नंबरचा लागला की बंदरालाच वादळी वाऱ्याचा धोका आहे असं समजायचं. तिथून पुढे धोका चढत जातो आणि आठ, नऊ, दहा हे महासंकटाचे. अकरावी खूण मात्र वेगळी आहे. इशारा देणाऱ्या कार्यालयाशी संपर्कच तुटला, आणि हवा बिघडते आहे असं बंदरावरच्या अधिकाऱ्याला स्वतःला वाटलं, तर ती चढवायची. कोणी काही सांगू शकत नसेल तेव्हा जागेवरच्या माणसाने आपल्या जबाबदारीवर ठरवायचं, अशी सोय ज्यांनी करून ठेवली त्यांना समुद्र ठाऊक होता. कलकत्त्याला 1864 च्या भयंकर वादळानंतर 1865 मध्ये बंदराला इशारे द्यायला सुरुवात झाली आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मुंबई, रत्नागिरी, वेंगुर्ला अशा बंदरांना 1880 पासून. म्हणजे कोकणात बावटा आज-कालचा नाही. त्याच्याकडे बघून बोट परत फिरवणारे आणि न फिरवणारे, दोन्ही प्रकारचे तांडेल पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहेत.

गोष्टीतला तांडेल बोट फिरवणाऱ्यांपैकी होता. पन्नाशीतला, कमी बोलणारा, चार खलाशांची बोट. त्याच्या बायकोला सगळं बंदर आक्का म्हणायचं. ती लिलावात मासळी घेऊन तालुक्याच्या बाजारात बसायची. नवरा आणायचा ती मासळी मच्छीमार सोसायटीच्या ओट्यावर जायची आणि बायको इतर बायकांबरोबर उभी राहून बोली लावायची. घरची मासळी म्हणून तिला सवलत नव्हती, तिने कधी मागितलीही नाही.

2009 चा हंगाम. नारळी पौर्णिमेनंतर बोटी उतरल्या आणि दिवाळीच्या आत दोनदा तीन नंबरचा बावटा लागला. दोन्ही वेळा रेडिओवर तेच शब्द: ताशी 45 ते 55 किलोमीटर वेगाने वारे वाहतील, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. तांडेल दोन्ही वेळा अर्ध्या वाटेवरून परतला. पहिल्या वेळी वारा आला तो निम्म्या जोराचा, दुसऱ्या वेळी नुसता पाऊस पडला. डिझेल जळून गेलं, बर्फ वितळला, खलाशांच्या हाती दमडी आली नाही. ज्या तीन-चार बोटी बाहेरच राहिल्या होत्या त्या भरून आल्या. बंदरात दुसरी मासळी नसल्यामुळे त्यांना तिप्पट दर मिळाला. दुसऱ्या खेपेनंतर तांडेलाचा एक खलाशी त्यातल्याच एका बोटीवर निघून गेला. जाताना म्हणाला, "काका, तुमच्यावर राग नाही. पण घरी पैसे पाठवायला लागतात."

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लक्षद्वीपजवळ कमी दाबाचं क्षेत्र तीव्र झालं आणि उत्तरेकडे सरकू लागलं. हेच पुढे फयान वादळ म्हणून ओळखलं गेलं. ते झपाट्याने वर आलं. 11 तारखेच्या पहाटेपर्यंत त्याचं चक्रीवादळ झालं होतं आणि त्याच दिवशी दुपारनंतर ते अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर चढलं. हातात वेळ थोडा होता. पण तांडेलाच्या बोटीवर ट्रान्झिस्टर होता आणि 10 तारखेच्या संध्याकाळी इशारा त्याच्या कानावर पडला होता. बोट किनाऱ्यापासून तीसेक मैलांवर होती. रात्रभर इंजिन चालवलं असतं तर पहाटेच्या आत खाडी गाठता आली असती.

त्या बोटीवरचा एकच पोरगा वाचला. डिझेलचे रिकामे कॅन दोरीने एकत्र बांधून त्याने रात्र काढली आणि 12 तारखेला सकाळी दुसऱ्या बोटीने त्याला उचललं. अंगावरची जखम भरल्यावर तो आक्काकडे आला. दारात उभा राहिला, आत येईना. तिनेच हाताला धरून बसवला आणि पाणी दिलं.

"रेडिओ ऐकला होता?" तिने विचारलं.

"ऐकला होता."

"मग?"

पोरगा खाली बघत राहिला. "काका म्हणाले, या खेपेला परत फिरलो तर बोटीवर कोणी उरायचा नाही. मग सकाळी वारा जमिनीकडून येत होता, बारीकच होता. पण लाट दक्षिणेची होती. लांब लांब, मोठ्या पल्ल्याची. वाऱ्याशी तिचा काही मेळ नव्हता. काका दोनदा सुकाणू सोडून तिच्याकडे बघत उभे राहिले. दुसऱ्यांदा म्हणाले, जाळं ओढा, निघू या. तोवर उशीर झाला होता."

जाणत्या दर्यावर्दीला ती लाट काय सांगते हे कळतं. दूर कुठेतरी मोठं वादळ घुसळत असतं, आणि त्याच्या वाऱ्याने उठलेल्या लाटा त्याच्या कितीतरी आधी येऊन पोहोचतात. वारा एका दिशेचा, लाट दुसऱ्या दिशेची, हा समुद्राचा स्वतःचा बावटाच. तांडेलाला तोही दिसला होता. म्हणजे त्याला काही कळलं नाही असं अजिबात नव्हतं. रेडिओवरचा इशारा कळला होता, लाटेची खूण कळली होती. हे लक्षात ठेवलं पाहिजे, कारण अशा मृत्यूंनंतर शहाणी माणसं पटकन म्हणून जातात की मच्छीमार इशाऱ्याकडे दुर्लक्ष करतात.

आक्काने नवऱ्याला दोष दिला नाही, हवामान खात्याला दिला नाही, दर्यालाही दिला नाही. दिवस झाल्यानंतर ती पहिल्यांदा ओट्यावर आली तेव्हा बायका तिच्याभोवती जमल्या. ती म्हणाली, "दर्याने नेलं ते शेवटी. आधी लिलावातल्या दराने नेलं. दिवाळीआधी बावट्यातल्या बोटी भरून आल्या, तेव्हा सुरमईला चढी बोली कोणी लावली? मीच लावली. बाजारात दुप्पट नफा झाला, त्या पैशांत घरात फराळ झाला. माझा माणूस रिकामा परतला होता आणि मी दुसऱ्याच्या धाडसाला पैसे मोजत होते. ते त्याने बघितलं होतं."

कोणी काही बोललं नाही. त्या दिवशी लिलाव नेहमीसारखा झाला.

पुढच्या हंगामात पहिला बावटा लागला आणि दुसऱ्या दिवशी दोन बोटी भरून आल्या. लिलाव पुकारणाऱ्याने आवाज दिला. आक्काने आपली पाटी पालथी करून जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर बसली. आणखी सहा बायका तिच्या शेजारी बसल्या. बाकीच्या उभ्या राहिल्या, पण बोली लावायला त्यांचं तोंड उघडेना. तेव्हा बाहेरगावी मासळी पाठवणारा एक व्यापारी पुढे झाला. त्याचा ट्रक जेटीवर उभाच होता. त्याने दोन्ही बोटींचा माल पडेल दरात उचलला आणि तांडेल सुटलो म्हणून निघाले.

पण मासळी उचलणं आणि पाठवणं यांच्यात एक काम असतं, ते बायकांचं. माल निवडावा लागतो. पापलेट वेगळं, सुरमई वेगळी, कोळंबीचे लहान-मोठे वाटे वेगळे, फुटका माल बाजूला, मग थरावर थर बर्फ. ते काम रोजावर करणाऱ्या बायका पालथ्या पाट्यांवर बसल्या होत्या. दुपार झाली. ट्रकखालून लाल पाणी गळायला लागलं. व्यापाऱ्याने रोज दीडपट केला, मग दुप्पट. संध्याकाळी त्याने माल तसाच, सरमिसळ भरून नेला आणि नुकसान सोसलं. पुढच्या बावट्याला त्याचा ट्रक जेटीवर आला नाही.

तांडेल चिडले. चिडण्याचा त्यांना हक्क होता. सोसायटीत बैठक झाली तेव्हा एकजण उठून म्हणाला, "दर्यावर आम्ही जातो. जीव आमचा. बायकांनी आम्हाला शिकवायचं काय?"

"जीव तुमचाच," आक्का म्हणाली. "पण तुम्ही आला नाहीत तर पुढची वीस वर्षं आम्ही काढायची."

मग एक तरणा तांडेल बोलला. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून तो प्रश्न जड होता. "आक्का, तुम्ही म्हणता ते पटतं. पण बावटा चार दिवस राहिला तर चार दिवस खलाशांना खायला कोण घालणार? वादळ आलंच नाही तर ते नुकसान एकट्या माझ्या अंगावर."

या प्रश्नाला तिच्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हतं, आणि तिने तसं सांगितलं. मला या सगळ्या गोष्टीत हाच क्षण सर्वांत मोलाचा वाटतो. तिने प्रश्न उडवून लावला असता तर तो नियम एका हंगामात मोडला असता.

उत्तर सापडायला दोन वर्षं गेली. लिलावात होणाऱ्या प्रत्येक विक्रीतून शेकडा एक रुपया बाजूला काढायचा असं ठरलं. अर्धा बोटीच्या मालकाने द्यायचा, अर्धा विकत घेणाऱ्याने. व्यापारीही यात आला, कारण आला नसता तर त्याचा माल निवडला गेला नसता. हे पैसे बावट्याच्या पेटीत जमा होत. बावट्यामुळे बोट बंदरात उभी राहिली तर त्या दिवसांचा शिधाखर्च त्या पेटीतून प्रत्येक खलाशाला द्यायचा. तो बंदरातला असो, कर्नाटकातून आलेला असो की नेपाळमधून, त्यात फरक करायचा नाही. रक्कम थोडी होती. डाळ-तांदूळ निघतील आणि घरी थोडंसं पाठवता येईल, इतकीच. पण परत फिरणाऱ्या तांडेलाला आता एकट्याला तोंड लपवावं लागत नव्हतं.

नियमही त्या दोन वर्षांत शहाणा झाला. बावटा लागतो तेव्हा काही बोटी लांब असतात, त्यांच्याकडे आधीची मासळी असते. ती नाकारणं अन्याय झाला असता. खाडीच्या तोंडाशी गाळ साचलेला, भरतीशिवाय मोठी बोट आत येऊ शकत नाही. म्हणून मुदत घड्याळावर न ठेवता भरतीवर ठेवली: बावट्यानंतरची दुसरी भरती. त्या भरतीपर्यंत जी बोट आत येईल तिचा माल घ्यायचा, आणि जी आधी परतेल तिचा लिलाव आधी. इशारा ऐकून जो आधी फिरला त्याला पहिली बोली मिळू लागली. इतके दिवस नेमकं उलटं चाललं होतं.

2017 च्या डिसेंबरात आक्का माहेरी देवगडला गेली होती. ओखी वादळाने केरळ आणि तमिळनाडूच्या किनाऱ्याला तडाखा देऊन अरबी समुद्रात मुसंडी मारली होती, आणि वाऱ्यापुढे पळत आलेल्या साठाहून अधिक बोटी देवगड बंदरात आसऱ्याला लागल्या होत्या. नऊशेच्या वर माणसं. भाषा कळत नव्हती. गावाने भात शिजवला, पाणी दिलं, फोन लावून दिले. त्यातल्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराला आक्काने खुणेने विचारलं, बावटा बघितला नव्हता का? त्याने हाताने बोट किनाऱ्यापासून दूर, दूर गेल्याचं दाखवलं आणि मग मागे किनाऱ्याकडे बोट करून कानावर हात ठेवले. आम्ही निघालो तेव्हा काही नव्हतं, आणि नंतर ऐकू येण्यासारखं जवळ काही नव्हतं. ओखीत खरोखर हेच झालं होतं. दक्षिणेतल्या कितीतरी बोटी इशारा येण्याआधीच अनेक दिवसांच्या मासेमारीला निघाल्या होत्या, आणि किनाऱ्यावरचा इशारा त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही.

परतल्यावर तिने पेटीतल्या पैशांतून सोसायटीत वायरलेस संच बसवायला लावला. त्याचा पल्ला वीस-पंचवीस सागरी मैलांचा, त्यापलीकडच्या बोटीला मधल्या बोटीने निरोप द्यायचा. आक्काची नात तेव्हा अकरावीत होती. कॉलेजला जाण्याआधी ती हवामान खात्याचं पत्रक मोबाईलवर उघडायची आणि सोसायटीच्या फळ्यावर खडूने लिहायची: वारा कुठला, जोर किती, लाट किती मीटर, खोल समुद्रात काय, किनाऱ्याजवळ काय. मग संचावर तेच तीन वेळा वाचायची. हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेकडून लाटांचे आणि मासळीच्या ठिकाणांचे अंदाज येतात, तेही फळ्यावर असत. एका बाजूला मासळी कुठे आहे, दुसऱ्या बाजूला जाऊ नका. कुठलाही तांडेल आधी पहिली बाजू वाचायचा, म्हणून तिने काही दिवसांनी बाजू बदलून टाकल्या.

खरी परीक्षा 2019 मध्ये झाली. पूर्वी बंगालच्या उपसागरात चार वादळं झाली तर अरबी समुद्रात एक, असा साधारण हिशेब असे. त्या एका वर्षात अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली. समुद्राचं पाणी साडेसव्वीस अंशांच्या वर तापलेलं असलं की वादळाला खाद्य मिळतं, आणि आपला समुद्र आता पूर्वीपेक्षा तापू लागला आहे. ऐन दिवाळीच्या तोंडावर क्यार आलं. 25 ऑक्टोबरला ते रत्नागिरीपासून दोनशे किलोमीटरच्या आसपास होतं. बावटा लागला, दुसऱ्या भरतीच्या आत बंदरातली प्रत्येक बोट खाडीत आली. आणि क्यार वळलं. पश्चिमेला ओमानच्या दिशेने निघून गेलं. किनाऱ्यावर पाऊस पडला, अमावास्येच्या उधाणात समुद्र नेहमीपेक्षा वर चढला, आणि बस्स. बावटा उतरतो न उतरतो तोच लक्षद्वीपकडे महा तयार झालं. पुन्हा बावटा. महाही आधी दूर गेलं, मग उलटं फिरून गुजरातकडे आलं आणि किनाऱ्यावर पोहोचण्याआधीच विरलं.

दोन आठवडे बोटी उभ्या. हंगामातले सर्वांत चांगले दोन आठवडे. पेटी रिकामी झाली. फळ्यासमोर उभं राहून लोक आक्काच्या नातीला ऐकू जाईल असं बोलायला लागले. पोरीने एक दिवस घरी येऊन खडू कोनाड्यात ठेवून दिला.

सोसायटीत बैठक भरली. जो तरणा तांडेल पूर्वी बोलला होता, तोच उठला. आता त्याच्या डोक्यावर बँकेचं कर्ज होतं. "दोन वादळं सांगितली. आलं का एक तरी?"

आक्काने नातीला नकाशा लावायला सांगितला. "25 तारखेला केंद्र कुठे होतं ते दाखव." पोरीने खूण केली. "आपल्या बोटी कुठे असतात?" पोरीने किनाऱ्यापासून साठ-सत्तर किलोमीटरवर दुसरी खूण केली. दोन खुणांमध्ये वीतभरही अंतर नव्हतं.

"आता सांगते ते नीट ऐका," आक्का म्हणाली. "वादळ स्वतःच्या मनाने चालत नाही, वरचे वारे नेतात तिकडे जातं. तीन दिवस आधी सांगायचं तर शंभर-दीडशे किलोमीटर इकडंतिकडं होतंच. 2009 ला ते इकडे आलं, या खेपेला तिकडे गेलं. इशारा दोन्ही वेळा एकच होता. पुढचं कुठलं येणार आणि कुठलं वळणार, हे मला आधी कळत असतं तर मी दर वेळी सगळ्यांना कशाला बसवलं असतं? जे येणार आहे त्याच वेळी बसवलं असतं. कळत नाही म्हणून दर वेळी सगळ्यांनी बसायचं. न आलेल्या वादळाचा खर्च होतो तो याचा. तो खर्च मोठा आहे, मला ठाऊक आहे. माझ्या घराने एकदा तो वाचवला होता."

मतदान झालं नाही. निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर लागला.

महाचा बावटा अजून उतरला नव्हता, तरी एक बोट दोन दिवसांपूर्वी काळोखात गुपचूप निघाली होती. ती भरून आली. पापलेट, तेही मोठं, चांदीसारखं. मालकाच्या मुलीचं लग्न महिन्यावर आलेलं. पंधरा दिवस बंदरात मासळी नव्हती. त्या दिवशी मागेल तो दर मिळाला असता, आणि घेणाऱ्या बायकांच्या घरीही चूल रडतखडतच पेटत होती. लिलाव पुकारणाऱ्याने आवाज दिला. एकदा, दोनदा, तीनदा. व्यापारी खिशात हात घालून उभा राहिला. एकेक पाटी पालथी होत गेली. सर्वांत शेवटी, कालच्या बैठकीत जिने आक्काशी हुज्जत घातली होती तिची.

मालक बराच वेळ आपल्या मासळीशेजारी उभा राहिला. मग आक्का उठली, त्याच्याजवळ गेली. "कुजवायची नाही. अन्न आहे. वाटून टाक." त्या दिवशी बंदरातल्या प्रत्येक घरात पापलेटाचं कालवण झालं. पाट्या त्याने स्वतः घरोघर नेल्या. पैसे कोणी दिले नाहीत, त्याने घेतले नाहीत. त्याच्या खलाशांना मात्र पुढे पेटीत भर पडल्यावर इतरांसारखाच शिधाखर्च मिळाला. बोट न्यायची की नाही हे खलाशी ठरवत नाही, तेव्हा त्याचा भुर्दंड त्याला कशाला, असं आक्काचं म्हणणं पडलं. ते कोणी खोडलं नाही. खडू दुसऱ्या दिवशी पुन्हा फळ्याशी आला.

2020 च्या 3 जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धन-अलिबागच्या भागात किनाऱ्यावर आलं. तेव्हा बंदरातला हंगाम आटपला होता, बोटी शाकारून वर ओढल्या होत्या. त्यापुढच्या वर्षी मात्र तौक्ते मे महिन्यात, हंगाम चालू असताना आलं. 16 मे 2021 ला ते रत्नागिरीच्या किनाऱ्याला समांतर वर सरकलं. बंदरातली कौलं उडाली, हापूसची झाडं भरल्या फळांनी मोडून पडली, खाडीत दुहेरी दोराने बांधलेल्या दोन बोटी एकमेकींवर आपटून फुटल्या. त्या रात्री बंदरातलं एकही माणूस समुद्रावर नव्हतं. 17 तारखेला मुंबई हायजवळ पी-305 नावाचा बार्ज बुडाला. त्यावर 261 माणसं होती आणि त्यातली सत्तरच्या वर गेली. अरबी समुद्रावरच्या सगळ्यांसाठी इशारा एकच होता. बंदरात तो ऐकल्यावर काय करायचं हे आधीच, शांत हवेत, सगळ्यांनी मिळून ठरवून ठेवलेलं होतं.

आक्का आता थकली आहे, बाजारात बसत नाही. नात मत्स्यशास्त्र शिकते आहे. नियम चालू आहे. तो शेजारच्या बंदरांत गेला नाही, याचं कारण विचारलं तर तिथल्या बायका सांगतात की आम्ही नाही घेतली तर शहरातलं गिऱ्हाईक दुसरीकडून घेईल. त्यांचं म्हणणं खरं आहे, आणि ते गिऱ्हाईक म्हणजे आपण. पुण्यात, मुंबईत, कोल्हापुरात मासळी बाजारात पिशवी घेऊन उभे राहणारे आपण. तेव्हा वाचकहो, एवढं करा. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये ही ओळ पेपरात दिसली, की ते चार दिवस ताजी मासळी मागू नका. सुका बोंबील खा, सोडे खा, डाळ-भात खा. आणि त्या दिवसांत कोणी ताजी सुरमई समोर धरलीच, तर ती कधी धरली हे विचारा, आणि उत्तर पटलं नाही तर रिकाम्या पिशवीने घरी या.